व्होल्टचा बडेजाव

मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरीही आज बॅटरीवर बोलणार आहे, कारण खोटी शिल्लक दाखवणं हा विषय आमच्या खात्यातला आहे.

बाथरूमची फरशी कापायला मी बिनवायरचा ग्राइंडर आणला. खोक्यावर ठळक '४८ व्होल्ट'. शेजारच्या महागड्या यंत्रावर बिचारे १८च! मी स्वस्तात जास्त व्होल्ट मिळवून विजयी मुद्रेने घरी आलो. अर्ध्या फरशीत ग्राइंडरने मान टाकली.

"अहो, तुमच्यासारखाच आहे. आवाज मोठा, काम लवकर बंद," ही म्हणाली.

शेवटी फरशीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, आकडा काय वाचता? वजन करा."

वाण्याच्या काट्यावर बॅटरी भरली ३२० ग्रॅम. आता हिशेब बघा. आतला अंगठ्याएवढा लिथियम सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा आणि ३.६ व्होल्टचा. ४८ व्होल्टला एकामागे एक १३ सेल हवेत, म्हणजे नुसत्या सेलांचंच वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. माझ्या डबीत होते पाच. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८! पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४.२ चा होतो, म्हणून त्याच पाचांचे २१ होतात. तेव्हा १८, २० आणि २१ हे एकाच घरचे. ४८ मात्र शुद्ध थाप.

बरं, व्होल्ट खरे असले तरी भागत नाही. अँपिअर-तास म्हणजे तिजोरीतली शिल्लक. पण पेन्शनच्या दिवशी तिजोरी भरलेली असून काय उपयोग, काउंटर एकच असेल तर? ग्राइंडर जोरात चालताना ३० अँपिअरसुद्धा मागतो. पाच सेलांची एकच रांग असली, तर सगळा भार प्रत्येक सेलवर. ते तापतात, व्होल्ट घसरतात आणि संरक्षक सर्किट शटर ओढून घेतं. दहा सेल दोन रांगांत असले, की प्रत्येकावर १५च. स्क्रू फिरवायला छोटी बॅटरी चालेल. ग्राइंडर आणि करवतीला दोन रांगांची, ४-५ अँपिअर-तासांची जड बॅटरीच हवी.

माझी तर एक फरशी अडली. त्या फरशीवाल्याने असलंच यंत्र हप्त्यावर घेतलं होतं. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली, हप्ता मात्र चालूच राहिला. तेव्हापासून मला या ४८ चं हसू येत नाही.

माझी मागणी साधी आहे. खोक्यावर वॉट-तास छापा : १८ गुणिले ४ म्हणजे ७२. आणि आत सेल किती, तेही छापा. आमच्याकडे चेकवरची अंकी आणि अक्षरी रक्कम जुळली नाही, तर चेक परत जातो. मग खोक्यावरचा आकडा आतल्या मालाशी जुळत नसेल, तर गिऱ्हाइकाने तो का वटवावा?

तोवर बाजारात जाताना चष्म्याबरोबर काटाही न्या.