परदेशात मास्तरकी : ऑफर एकाला, हिशेब अख्ख्या घराचा

बोरगाव (मेघे), ता. वर्धा : बी.एड. झालं, टीईटी झाली, पवित्र पोर्टलवर नाव टाकून झालं. पुढं काय? वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगावसारख्या गावांत हा प्रश्न घराघरात आहे. शिक्षण सेवकाचं मानधन जानेवारी २०२३ पासून वाढलं. आता प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये मिळतात. तेही तीन वर्षं, अन् नंबर लागला तर. अशात मोबाईलवर जाहिरात येते : ‘दुबईत शिक्षक पाहिजेत, फॅमिली व्हिसा, राहणं फुकट.’ मन हलतंच.

जाऊ नका, असं सांगायचं नाही. जाणाऱ्यांनी जावंच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. नोकरीचं पत्र एका माणसाच्या नावानं येतं, विमानात मात्र चार जण बसतात. एजंट पगाराचा आकडा सांगतो. बायको, लेकरं आणि मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा आकडा कोणी सांगत नाही. फसगत होते ती बहुतेक इथंच.

आधी जर्मनीचा गैरसमज

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार केला. तेव्हापासून ‘सरकार परदेशात पाठवते’ ही चर्चा गावोगावी आहे. पण तो करार नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशा कुशल कामगारांसाठी आहे. तिथल्या शाळेत शिकवायचं तर जर्मन भाषा वरच्या पातळीची लागते आणि आपली पदवीही तिथं मान्य करून घ्यावी लागते. त्यामुळं या कराराचं नाव सांगून कोणी ‘मास्तरची जागा’ विकत असेल, तर दोन हात लांब राहा.

आखात : पगार दिसतो, फी दिसत नाही

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीकडं, कुटुंब न्यायचं तर महिन्याला किमान ४ हजार दिरहम पगार लागतो. राहायची सोय मालकाची असेल तर ३ हजारांवरही चालतं. दिरहम २२ रुपयांचा धरला तरी ४ हजारांचे ८८ हजार होतात. ऐकून डोळे दिपतात. पण नियमानं कुटुंब नेता येणं वेगळं आणि त्या पगारात कुटुंब चालणं वेगळं. आपल्या लेकरांना तिथं बहुतेक खासगी शाळेतच घालावं लागतं. घरभाडं आणि दोन लेकरांची फी पगारातून गेली, तर हातात काय उरतं ते आधी वहीत मांडा.

म्हणून शाळेला चार गोष्टी लेखी विचारा. घर शाळेचं की आपलं? लेकरांच्या फीत सूट किती? दवाखान्याचा विमा सगळ्यांचा की एकट्या शिक्षकाचा? वर्षाचं तिकीट किती जणांचं? फोनवरचं ‘हो सर, मिळेल’ हे उत्तर धरू नका. आणि घरच्यांचा व्हिसा तुमच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की सगळ्यांच्याच मुक्कामाचा प्रश्न उभा राहतो.

ब्रिटन : दार उघडलं, पण भाडं आधी

इंग्लंडनं २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्या पात्र शिक्षकांना तिथल्या शिक्षक-पात्रतेसाठी थेट अर्ज करायची सोय केली. संधी खरी आहे. पण व्हिसाच्या फीशिवाय आरोग्य अधिभार लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि लेकराला ७७६ पौंड झाला. नवरा, बायको, दोन लेकरं धरली तर वर्षाचे ३,६२२ पौंड. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर १०,८६६ पौंड, तेही अर्ज करतानाच भरायचे. पौंड १०० रुपयांचा धरला तरी १० लाख ८६ हजार झाले! तिकीट, घराचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचा किराणा अजून बाकीच. एवढ्यासाठी वावर गहाण ठेवायचं का, हे ऑफर आल्यावर नाही, त्याआधी घरात बसून ठरवा.

कागद : गावापासून सुरुवात

खरी अडचण अनेकदा नावाची असते. सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, लेकराच्या जन्मदाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. इथं खपून जातं, व्हिसाच्या अर्जात खपत नाही. लग्नाची नोंद झाली नसेल तर ग्रामपंचायतीत करून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकराच्या पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, म्हणून तो आधी बरोबर करून घ्या. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्याची मुदतही बघा.

मग पदवीचे कागद. त्यावर आधी राज्य सरकारची आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर लागते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. ब्रिटन, ओमान, बहरीन आणि २०२२ पासून सौदी अरेबिया हेही त्यात आहेत, तिथं अपोस्टिल चालतो. अमिराती, कुवेत, कतारसाठी मात्र त्यांच्या दूतावासाचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्यांनाही हेच लागू.

एजंटला काय विचारायचं?

दहावी पास माणसाच्या पासपोर्टला आखातात जाताना सरकारी तपासणीची अट नसते. म्हणजे कमी शिकलेल्या मजुराची कागदपत्रं सरकार तपासते, शिक्षकाची नाही. शिकलेल्यानं आपली चौकशी आपणच करायची असते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार भरती करणाऱ्या एजंटला केंद्राची नोंदणी लागते. ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव तपासता येतं. त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतं. लाख-दोन लाख मागणारा, किंवा ‘टुरिस्ट व्हिसावर चला, तिथं बदलून घेऊ’ म्हणणारा माणूस दारातूनच वाटेला लावा. शंका असेल तर केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी १८००-११-३०९० आहे.

सेवाग्रामशी जोडलेलं एक उदाहरण

शिकवण्यासाठी कुटुंब घेऊन परदेशी जाणं ही आजची गोष्ट नाही. जून १९४७ मध्ये सेवाग्राम आश्रमात देह ठेवणारे धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे, पाली भाषेचे पंडित. १९१० मध्ये ते अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पहिल्यांदा गेले ते एकटे. परत येऊन पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवलं. १९१८ मध्ये पुन्हा गेले तेव्हा मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना सोबत नेलं. दामोदर तिथंच शाळा शिकले आणि पुढं गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगभर नाव काढलं. पण पत्नी बाळाबाई आणि धाकट्या मुली मागंच राहिल्या. लेकरांचं भलं झालं, घर मात्र दोन जागी वाटलं गेलं. शंभर वर्षांनंतरही हा हिशेब बदललेला नाही.

मागं राहणारं घर

म्हातारे आई-बाप कोणाजवळ? दवाखान्याला पैसा कोण देणार? शेती ठेक्यानं की भावाकडं? हे तोंडी ठरवू नका. मुखत्यारपत्र करायचं तर कोणत्या कामापुरतं ते स्पष्ट लिहा. परदेशात राहायला गेल्यावर बँकेतलं साधं खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. असलेली शेतजमीन ठेवता येते, पण अनिवासी झाल्यावर नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘तिकडं कमावू अन् इकडं वावर घेऊ’ म्हणणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं.

झेपत असेल तर कोसंबींसारखं पहिल्यांदा एकट्यानं जावं. सहा महिने शाळा, पगार, घर पाहावं, मग लेकरांचे दाखले काढावेत. वर्ष मध्येच तुटलं तर इथल्या शाळेत परत यायचीही पंचाईत होते. सगळ्यांच्या परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवावेत आणि त्याला हात लावू नये.

यात गावाचंही काम आहे. ग्रामपंचायतीनं जन्म-विवाह नोंदींच्या दुरुस्तीसाठी एखादं शिबिर घ्यावं. जिल्ह्यातल्या बी.एड. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाला परदेशी नोकरीचा करार कसा वाचायचा, हे एक दिवस तरी शिकवावं. हे ज्ञान आज एजंटकडं आहे आणि तो त्याचेच पैसे घेतो.