पोती वाचवायची की माणसं?



हंगामाच्या तोंडावर आपण बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला जमतो, अग्नीची पूजा करतो. भट्टीत आहे तोवर तो आपला चाकर. तोच गोदामात शिरला की कोणाचंच ऐकत नाही.

गोदामाला किंवा गावातल्या एखाद्या वाड्याला आग लागली की एक गोष्ट हमखास घडते. बंब येतो, जवान बाहेरून पाणी मारू लागतात आणि जमलेली मंडळी ओरडतात, "अरे, आत शिरा की! बाहेरून काय पिचकाऱ्या मारताय?" आपल्या घामाची साखर जळताना जीव तुटतो, हे कबूल. पण हे ओरडणं बंद झालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद जागेतली आग ही पाचटाच्या आगीसारखी नसते. शेतात पाचट पेटलं तर उष्णता वर निघून जाते; गोदामात ती छताखाली कोंडते. छताजवळचा धूर सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की आतल्या बहुतेक वस्तू जवळपास एकदमच पेट घेतात. हा भडका काही सेकंदांचा खेळ असतो. माणसाच्या कातडीला तर ५५ अंशांच्या आसपासच फोड येतात. जवानाचा जाड कोट थोडा वेळ निभावून नेतो, पण त्यात घाम वाळत नाही, अंगातली उष्णता अंगातच राहते. भोवळ येते, हृदयावर ताण पडतो. अमेरिकेत कामावर असताना मरण पावणाऱ्या अग्निशामक जवानांत बहुतेक वर्षी सर्वांत जास्त बळी हृदयविकाराचेच असतात.

दुसरा गैरसमज छपराचा. "लोखंड वितळल्याशिवाय कैची कशी पडेल?" असं पुष्कळ जण म्हणतात. पोलाद वितळायला १,४०० अंशांहून जास्त उष्णता लागते हे खरं, पण ६०० अंशांच्या सुमारासच त्याची निम्मी ताकद गेलेली असते. शिवाय दहा मीटरची तुळई ५०० अंशांनी तापली तर सुमारे सहा सेंटीमीटर लांबते आणि भिंतीला बाहेर रेटते. म्हणून बाहेरून धडधाकट दिसणारं छप्पर अवचित खाली येतं.

मुंबईत काळबादेवीला ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली आणि कोसळली. त्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांपैकीच एक. आयुष्यभर आगीशी झुंजलेल्या जाणत्या माणसांची ही गत, तर आपल्या तालुक्याच्या बंबावरच्या चार पोरांना आपण कोणत्या तोंडाने आत ढकलायचं?

आत माणूस अडकला असेल तर जवान जीव धोक्यात घालतातच. त्यांना सांगावं लागत नाही. पण आत नुसती पोती असतील तर बाहेर उभं राहणं हा भित्रेपणा नव्हे, शहाणपण आहे. साखरेचा विमा उतरवता येतो. गेलेला कर्ता मुलगा कोणती कंपनी भरून देणार?

तेव्हा सभासदांनी एवढं करावं: वाटेतल्या बैलगाड्या, ट्रॉल्या काढाव्यात, आत कोणी आहे की नाही, हे नीट चौकशी करून खरं सांगावं, आणि निर्णय बंबाच्या अधिकाऱ्यावर सोडावा. बाहेर आलेल्या जवानाला सावली आणि पाणी द्यावं, लगेच पुन्हा पिटाळू नये.

संचालक मंडळालाही विनंती आहे. गोदामांचा नकाशा फाटकावरच ठेवावा. हंगामापूर्वी पाण्याचे नळ व होज तपासून घ्यावेत. श्वसनयंत्रांसाठी तरतूद करावी आणि जवळच्या अग्निशमन केंद्राबरोबर वर्षातून एकदा तरी सराव घ्यावा. हा खर्च सर्वसाधारण सभेपुढे आला तर "उसाला भाव द्या, हे कशाला?" असं म्हणून कोणी तो हाणून पाडू नये. आग लागल्यावर गोदामाच्या दारात उभी राहणारी पोरं आपल्याच घरातली असतात.

— एक ऊस उत्पादक सभासद