पदवीनंतरचे वैद्यक

हैदराबादचे आबिड्स सर्वांना ठाऊक आहे ते बाजारपेठ म्हणून. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून त्या भागाला हे नाव पडले. तेथून जवळच, कोठीत, उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे मूळ १८४६ च्या हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये. म्हणजे आमच्या पणजीच्या वैद्यकीय शाळेहून ते अवघे चार वर्षांनी धाकटे. डॉक्टरांच्या पदवीनंतरच्या शिक्षणाचा विचार करताना त्या संस्थेच्या इतिहासातील एका प्रकरणाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे.

क्लोरोफॉर्म दिलेला रोगी दगावतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, हा त्या काळी मोठा वाद होता. शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली दोन आयोग भरविले. दुसऱ्यासाठी लंडनच्या 'लॅन्सेट'ने लॉडर ब्रंटन यांना धाडले. शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांतून निष्कर्ष निघाला की धोका श्वासाला आहे, हृदयाला नाही. १९११ साली ए. जी. लेव्ही यांनी तो खोटा ठरविला. हलक्या गुंगीतही हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे त्यांनी दाखविले. १८८९ साली शिकून पुस्तक मिटलेला डॉक्टर कितीही प्रामाणिक असला तरी रोग्याला घातकच ठरता. उलट, त्याच शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी अनेक वर्षे भूल देण्याचे काम केल्यावर १९०९ साली पुन्हा विद्यार्थिनी होऊन एडिंबरोला गेल्या. कोणत्याही नियमाने त्यांना भाग पाडले नव्हते.

आज नियम आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी पाच वर्षांत ३० तासांचे शिक्षण अपेक्षित धरले. वर्षाला सहा तास, म्हणजे एक कामाचा दिवसही नव्हे! राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये कडक नियमावली काढली. औषध कंपन्यांच्या पैशावरील शिक्षणसभांपासून डॉक्टरांनी दूर राहावे, असे तीत होते. तीन आठवड्यांतच तिला स्थगिती मिळाली. मार्च २०२४ च्या संहितेने तर कंपन्यांना काही अटींवर या क्षेत्रात वाव दिला. ज्याने औषध विकायचे त्यानेच औषध लिहिणाऱ्याला शिकवायचे, हा व्यवहार कितीही अटी घातल्या तरी निर्मळ राहील, असे आम्हांस वाटत नाही.

डॉक्टरांची अडचणही खरी आहे. सत्तरी वा काणकोणच्या आरोग्यकेंद्रातील डॉक्टर शहरातील सभेला गेला, तर मागे रोग्यांनी कोणाकडे पाहावे? म्हणून शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, त्या दिवशी बदली डॉक्टर द्यावा आणि बांबोळीच्या अध्यापकांनी तालुक्यांत जाऊन शिकवावे. आंतरजालावरील वर्ग उपयोगी आहेत. पण पडद्यापुढील हजेरी म्हणजे अध्ययन नव्हे. परिचारिका आणि औषधविक्रेते यांनाही या व्यवस्थेत मानाचे स्थान हवे, कारण रोग्याची गाठ अनेकदा आधी त्यांच्याशीच पडते.

रोगी डॉक्टरच्या भिंतीवरील पदवीचे वर्ष वाचत नाही. तो विश्वासाने हात पुढे करतो. नाडीवर टेकणाऱ्या बोटांमागचे ज्ञान आजचे असावे, एवढा त्याचा हक्क आहे. आणि तो हक्क औषध कंपन्यांच्या मेजवानीवर सोपवून चालणार नाही.