निकाल फ्रेममध्ये लावू नका, पोलीस ठाण्यात घेऊन जा!

२० मार्च ही तारीख आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आणि ९१ वर्षांनी, २० मार्च २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. तारखेचा योगायोग असेल, पण त्यातला धडा योगायोगाचा नाही.

महाडची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. १९२३ चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेचाही ठराव होता. कागदावर तळं खुलंच होतं. तरी पाणी प्यायला माणसांना चालत जावं लागलं, आणि परतताना डोकी फोडून घ्यावी लागली. मग सवर्ण कोर्टात गेले. डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला, मनाई हुकूम आणला. हा खटला चालला तब्बल नऊ वर्षांहून अधिक. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला.

पण का दिला? सगळी माणसं समान आहेत म्हणून? नाही! अस्पृश्यांना तळ्यावर बंदी घालण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही म्हणून! म्हणजे रूढी पुरेशी जुनी ठरली नाही. माणुसकीचा प्रश्न बाजूलाच राहिला. तो सुटला संविधानात. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट नावानिशी आले, अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच संपवली. रूढी किती जुनी, हे विचारण्याची सोयच उरली नाही.

आता २०१८ कडे या. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सुभाष काशिनाथ महाजन खटल्यात, दोन न्यायमूर्तींनी सांगितलं: गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी होऊ शकते, अटकेआधी वरिष्ठांची परवानगी घ्या. कारण काय, तर कायद्याचा गैरवापर होतो! हे ऐकून आपण गप्प बसलो असतो तर? २ एप्रिलला देश बंद झाला. अनेकांचे जीव गेले, अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८-अ आणावं लागलं. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने आपलेच ते निर्देश मागे घेतले. एक अख्खा समाज कायद्याचा गैरवापर करतो असं गृहीत धरता येणार नाही, हे न्यायालयालाच म्हणावं लागलं. फेब्रुवारी २०२० मध्ये १८-अ वैध ठरलं.

म्हणून “कोर्ट आहे, संविधान आहे, रस्त्यावर कशाला उतरायचं?” असं सांगणाऱ्या आपल्यातल्याच शहाण्यांना हा इतिहास दाखवा. पण मित्रांनो, उलटी चूकही आपणच करतो. रस्त्यावर जिंकतो आणि कागद वाचायचा कंटाळा करतो.

२९ ऑक्टोबर २०२१ चा हरिराम भांभी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्यापैकी किती जणांनी वाचला? अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ प्रमाणे आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळालीच पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, हे बंधनकारक आहे, असं न्यायालयाने ठणकावलं. तरी पीडित कुटुंबाला आरोपी गावात फिरताना दिसल्यावर जामीन झाल्याचं कळत असेल, तर दोष फक्त पोलिसांचा नाही. तो निकाल दाखवायला आपण तिथे नव्हतो, हाही दोष आहे.

तेव्हा प्रत्येक वस्तीत दोन-तीन पोरापोरींनी एवढं तरी करावं. फिर्याद द्यायला पीडितासोबत जावं. ती वाचून दाखवायला लावावी, प्रत लगेच घ्यावी. टाळाटाळ झाली तर कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे, हे लेखी कळवावं. जामिनाच्या तारखेला पीडितासोबत कोर्टात हजर राहावं.

ठराव झाला म्हणून तळं खुलं झालं नव्हतं. ते खुलं झालं, कारण माणसं चालत गेली. आज ती वाट पोलीस ठाण्यावरून कोर्टात जाते. चालायचं आपल्यालाच आहे.

जय भीम! जय संविधान!