ग्वाल्हेरची छोटी गाडी आणि आपले मोठे उसासे

ग्वाल्हेर म्हटलं की मराठी माणसाला काय काय आठवतं? महादजी शिंदे आठवतात. घराण्याची गायकी आठवते, बाळकृष्णबुवांनी तिथून दक्षिणेत आणलेली. राजकवी तांबे आठवतात, झाशीच्या राणीची समाधी आठवते. आम्हा गोवेकरांना तर ग्वाल्हेर फार परकंही नाही. वास्कोहून सुटलेली गोवा एक्सप्रेस दिल्लीला जाताना तिथं थांबते, आणि रेल्वेत नोकरीला असलेला कुणाचा ना कुणाचा काका झाशी-ग्वाल्हेर पट्ट्यात राहून आलेला असतो.

त्याच ग्वाल्हेर स्टेशनात एका बाजूला दोन फूट रुंदीच्या रुळांवर एक बुटकी गाडी उभी असायची. ती मात्र आपल्या आठवणींच्या यादीत कधीच नव्हती. ती बंद पडली आणि एकदम सगळ्यांच्या यादीत आली. मग सुरू झालं उसाशांचं पीक. टपावर बसलेल्या प्रवाशांचे फोटो, खाली 'हरवलेलं बालपण', 'थांबलेला काळ', 'राजाचं खेळणं'. मंडळी, मला राग आहे तो या 'खेळणं' शब्दाचा. त्या एका शब्दानं फार मोठा अन्याय झाकला जातो.

खेळण्याची गोष्ट खोटी नाही. माधवराव शिंद्यांना आगगाड्यांचं वेड होतं. राजवाड्याच्या आवारात त्यांनी आधी छोटी गाडी धावती केली, स्वतः इंजिन चालवायचे असंही सांगतात. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची गाडी तर जगप्रसिद्ध आहे. पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन येणारी, डब्याडब्यावर शिंदे नावाचं एकेक इंग्रजी अक्षर मिरवणारी. हे सगळं खरं. पण याच माणसानं १८९९ पासून पुढच्या दहा वर्षांत संस्थानाच्या पैशानं भिंड, शिवपुरी आणि श्योपूर अशा तीन दिशांना रूळ टाकले. सबलगढपर्यंत, मग वीरपूरपर्यंत, आणि १९०९ मध्ये थेट श्योपूर कलांपर्यंत. खेळणं म्हणून कुणी चंबळच्या खोऱ्याकाठी सुमारे २०० किलोमीटर रूळ टाकत नाही. दोन फुटी गेज निवडलं, कारण ते स्वस्त. हलके रूळ, छोटे पूल, वळणं हवी तेवढी आखूड, जमीन कमी लागते. हा हिशेब आहे, हौस नव्हे. ज्या मुलखातून मोठी कंपनी कधीच रेल्वे नेणार नव्हती, तिथं ती पोचवण्याचा तोच एक मार्ग होता.

आणि ही एकट्या शिंद्यांची गोष्ट नाही. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६२ सालीच डभोईला छोट्या गेजची गाडी नेली, सुरुवातीला तर ती बैल ओढायचे. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. गायकवाड, होळकर, शिंदे. आपल्याला या तिघांच्या लढाया तारखेनिशी पाठ, तहांची कलमं पाठ, कोण कुणावर रुसला होता तेही पाठ. पण त्यांनी टाकलेल्या रुळांवर मराठीत धड एक प्रकरण वाचायला मिळायची मारामार. तलवार म्हणजे इतिहास आणि रूळ म्हणजे खेळणं, ही वाटणी कुणी केली? आपणच.

असो. मुद्दा पुढचाच आहे.

संस्थानं गेली, ही रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत आली, पुढे उत्तर मध्य रेल्वेकडे गेली. वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची आली. शिवपुरी आणि भिंडला यथावकाश ब्रॉडगेज मिळालं. उरला श्योपूरचा फाटा. घोसीपुरा, मोतीझील, बामौर गाव, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ, वीरपूर, आणि शेवटी श्योपूर. अठ्ठावीस स्थानकं, २०० किलोमीटर, दहा-अकरा तास. म्हणजे वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत! डब्यात जागा नसली की माणसं टपावर. दोन फुटी गेजवरची जगातली सर्वांत लांब गाडी असं तिचं कौतुक व्हायचं. कौतुक करणारे बहुतेक वेळा एकदा बसून, फोटो काढून परत जाणारे. रोज बसणारे वेगळे होते: दूधवाले, पाट्या घेऊन निघालेल्या बाया, कोर्टाच्या तारखेला चाललेले शेतकरी, आणि शेवटच्या टप्प्यातले सहरिया आदिवासी. श्योपूर जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं कुपोषणाच्या बातम्यांत यायचं, एवढं सांगितलं तरी पुरे. त्यांना काळ 'थांबवायचा' नव्हता. त्यांना ग्वाल्हेरच्या इस्पितळात पोचायचं होतं, आणि तिकीट परवडत होतं.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या तशी हीदेखील थांबली. बाकीच्या हळूहळू सुरू झाल्या. ही झाली नाही. ब्रॉडगेज करायचं आधीच ठरलेलं होतं, तेव्हा आता कशाला परत सुरू करा, असा सरळ हिशेब. शेवटची फेरी नाही, निरोप नाही, हार-तुरे नाहीत. एकशे दहा वर्षं चाललेल्या गाडीचा शेवट साथीच्या गोंधळात उरकून टाकला.

आता एक तारीख लक्षात ठेवा. १७ सप्टेंबर २०२२. त्या दिवशी नामिबियाहून आठ चित्ते विमानानं ग्वाल्हेरला उतरले. तिथून हवाईदलाच्या हेलिकॉप्टरनं त्यांना कुनोला नेलं. कुनो राष्ट्रीय उद्यान कुठं आहे? श्योपूर जिल्ह्यात! ज्या नदीवरून त्याचं नाव पडलं, ती आपली छोटी गाडी रोज ओलांडायची. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेचे बारा चित्ते आले, तेही ग्वाल्हेरमार्गेच. चित्त्यांशी माझं काही भांडण नाही, सुखानं नांदोत. पण ग्वाल्हेरहून श्योपूरला जाण्याची सोय त्या काळात देशानं कुणासाठी केली आणि कुणाची काढून घेतली, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावं. माणसांची गाडी बंद होऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती.

इथं लगेच कुणीतरी म्हणणार, अहो पण ब्रॉडगेज त्या लोकांनाच हवं होतं! हवंच होतं. हवंच असायला पाहिजे. अकरा तास टपावर बसून जाण्याला वारसा म्हणणाऱ्यानं एकदा मे महिन्यात चंबळच्या उन्हात तसं जाऊन दाखवावं. श्योपूरला मोठी गाडी जावी, तिथून पुढे कोट्यापर्यंत जावी, ही योजना शंभर टक्के योग्य आहे. माझा वाद ब्रॉडगेजशी नाहीच. नवी गाडी येईपर्यंत जुनी का मारली, याच्याशी आहे. काम ग्वाल्हेरच्या टोकाकडून पुढे सरकत गेलं. त्या टोकाला टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेजवर गाड्याही सुरू झाल्या. मग सबलगढ ते श्योपूर हा पलीकडचा तुकडा, काम तिथवर पोचेपर्यंत चालू ठेवता आला नसता? चार डबे आणि एक इंजिन पलीकडे ठेवायचं, दुरुस्तीची थोडी सोय करायची. त्रास झाला असता, खर्च झाला असता, मान्य. पण पाच वर्षं उलटून गेली तरी श्योपूरला कुठलीच गाडी पोचलेली नव्हती, हा खर्च कुणाच्या वहीत मांडला? तो सबलगढच्या बसवाल्याला दिलेल्या जादा भाड्यात आहे. रेल्वेच्या ताळेबंदात तो दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं धरलं गेलं.

दुसरी बाजू वारसावाल्यांची. त्यांचीही खबर घ्यायला हवी. दार्जिलिंगची गाडी १९९९ मध्ये जागतिक वारसा झाली, निलगिरीची २००५ मध्ये, कालका-शिमल्याची २००८ मध्ये. तिन्ही डोंगरावरच्या. तिन्ही साहेबाला उन्हाळ्यात गार हवेत नेणाऱ्या. आपल्या माथेरानची गाडी ग्वाल्हेरसारखीच दोन फुटी. २०१९ च्या पावसात तिचे रूळ वाहून गेले, तेव्हा खटपट करून ते पुन्हा घातले आणि २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळ-माथेरान सुरू झाली. आनंद आहे. पण एकवीस किलोमीटरच्या सहलीच्या गाडीला जे मिळालं ते दोनशे किलोमीटरच्या कामाच्या गाडीला का नाही मिळालं? कारण सरळ आहे. सपाट मुलखातल्या, धुळीतल्या, घामाच्या वासाच्या गाडीला पर्यटक नसतात. धुकं आणि देवदार असले की वारसा, बाभळी असल्या की भंगार.

गंमत म्हणजे इथं वारसा आणि विकास यांचं भांडण असायचंही कारण नव्हतं. नवा ब्रॉडगेज मार्ग ग्वाल्हेरातून निघताना बिर्लानगर-रायरूकडून जातो. घोसीपुरा-मोतीझीलच्या वस्तीतून जाणारी जुनी वाट त्याला लागतच नाही. म्हणजे पलीकडे लोकांसाठी मोठी गाडी आणि शहरात आठवणीसाठी छोटी, दोन्ही करता येण्यासारखं होतं. पण ते गाडी धावती असताना ठरवावं लागतं. इंजिनं गंजल्यावर आणि ती चालवणारी माणसं निवृत्त झाल्यावर कसली समिती नेमता?

हे जगात कुठं जमलंय का, असं विचाराल तर चीनच्या दक्षिणेला युन्नान प्रांतात बघा. तिथं फ्रेंचांनी व्हिएतनामहून कुनमिंगपर्यंत मीटरगेज नेली, १९१० मध्ये. तेव्हा गेजिऊच्या कथलाच्या खाणमालकांनी ठरवलं की आपल्या गावची रेल्वे परक्याच्या हाती जाऊ द्यायची नाही. त्यांनी आपल्या भांडवलानं ६०० मिलिमीटरची, म्हणजे ग्वाल्हेरच्या जवळजवळ भावंड शोभेल अशी गाडी बांधली. तीच चिकाटी, तेच गरिबीचं गणित. पुढे १९७० च्या सुमारास तिचं मीटरगेज झालं. तिथंही सगळं आलबेल नाही. फ्रेंचांच्या मार्गावरच्या प्रवासी गाड्या २००३ मध्ये बंद केल्या आणि नवी मोठी रेल्वे यायला पुढे दहा वर्षं गेली, म्हणजे ती चूक त्यांनीही केलीच. पण नवा रूळ टाकताना जुना उपटला नाही. त्यावर मालगाड्या चालत राहिल्या, आणि खाणमालकांच्या त्या छोट्या मार्गावर जियानशुई गावाजवळ २०१५ पासून पर्यटकांची गाडी धावू लागली. जुनी स्थानकं रंगवून घेतली. थोडं नाटकीच आहे ते, पण रूळ आहे, गाडी आहे.

आपण गोवेकरांनीही फार शहाणपणा सांगू नये. मुरगाव ते कॅसलरॉक ही पोर्तुगीज गॅरंटीड कंपनीची मीटरगेज १८८८ मध्ये पुरी झाली, शंभर वर्षांहून जास्त चालली, आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. फायदा झाला, नाही कोण म्हणतंय? पण दूधसागरचा फोटो घराघरात लावणाऱ्या आपण त्या मीटरगेजचा एक किलोमीटर तरी धावता राहावा म्हणून तोंड उघडलं होतं का? मोलेच्या जंगलातल्या दुपदरीकरणावर मात्र आपण २०२० पासून भांडलो, नीट अभ्यास करून भांडलो, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या परवानगीला धक्का बसला. रूळ कुणासाठी आणि कुणाला विचारून, हा प्रश्न आपल्याला विचारता येतो, एवढं त्यातून सिद्ध झालं. श्योपूरच्या सहरियांकडे ना इंग्रजी येणारी पोरं होती, ना गोव्यासारखं नाव.

आता पाळी विदर्भातल्या शकुंतलेची. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, कापसाची गाडी, हीसुद्धा छोट्या गेजची, हीसुद्धा बंद. तिच्यावरही लेख येताहेत, फोटो येताहेत, 'इंग्रज कंपनीची भारतातली शेवटची रेल्वे' वगैरे मथळे येताहेत. वऱ्हाडातली माणसं मात्र तिच्यासाठी रस्त्यावर उतरत आली आहेत, आणि त्यांच्या मागण्यांत पहिली मागणी संग्रहालयाची नाही. गाडी सुरू करा, ही आहे.