हौसेचा हक्क

आपल्या समाजात शिक्षणाला जेवढा मान आहे, तेवढाच हौसेविषयी संशय आहे. तो अकारण नाही. ज्यांच्या आजोबांनी गिरणीत, रेल्वेत किंवा दुसऱ्याच्या शेतात दिवस काढले आणि आईवडिलांनी शिष्यवृत्तीवर, वसतिगृहात राहून पदव्या मिळवल्या, त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूला ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न विचारला जातो. पुस्तक घेतले तर परीक्षेसाठी, संगणक घेतला तर नोकरीसाठी. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण ज्यांनी रूढ केली, त्यांना ते मोल परवडत असावे. मी गेली तीन वर्षे हॅम रेडिओत, म्हणजे हौशी बिनतारी संपर्कात, रमलो आहे हे कळल्यावर आपल्याच मंडळींच्या चेहऱ्यावर तो जुना प्रश्न उमटतो. खिशात फोन असताना नांदेडच्या मित्राशी बोलण्यासाठी न्यू जर्सीच्या परसात तार कशाला टांगायची?

या प्रश्नाला हॅम मंडळींचे ठरलेले उत्तर आहे: आपत्तीत रेडिओ कामाला येतो. ते खरे आहे. २००१ च्या भुज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचवले. तरी मी हे उत्तर पुढे करणार नाही. उपयोग सिद्ध केल्यावरच हौसेला परवानगी मिळणार असेल, तर आपण अजून त्याच जुन्या प्रश्नाच्या दारात उभे आहोत. निरुपयोगी वाटणाऱ्या गोष्टीत जीव रमवण्याची मुभादेखील आपल्या देशात जन्मावरून वाटली गेली. बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम आपण मुलांना आवर्जून सांगतो. त्यांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे क्वचितच सांगतो.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे तांत्रिक. आम्ही बोलतो त्या चौदा मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे वीस मीटर असते. तिच्या निम्म्या लांबीची, म्हणजे दहा मीटर तांब्याची तार मधोमध तोडून दोन झाडांमध्ये ताणली की अँटेना तयार होते. लहर काही शे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावरून खाली वळते, जमिनीवरून वा समुद्रावरून पुन्हा वर उसळते आणि अशा उड्या घेत पुढे जाते. न्यू जर्सी ते नांदेड हे अंतर पावणेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. त्यातली सर्वांत जवळची वाट ईशान्येकडे वळून आर्क्टिक वृत्ताला घासून जाते. नेमका हाच पट्टा ध्रुवीय प्रकाशाचा, म्हणून सौर वादळांना सर्वांत हळवा. मे २०२४ मधील ज्या वादळाने लडाखमधील हानलेचे आकाश लाल केले, त्यात आमची ठरलेली वेळ अर्थातच वाया गेली. एरवी उन्हाळ्यात इथे सकाळचे साडेआठ आणि तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असताना, एका टोकाला दिवस चढत आणि दुसऱ्या टोकाला मावळत असताना, वाट उघडण्याची शक्यता जास्त. गेल्या वर्षी ठरवलेल्या अकरा वेळांपैकी चारदाच आम्ही एकमेकांना धड ऐकले. माझा संच शंभर वॅटचा. मित्राच्या परवान्याला पन्नास वॅटची मर्यादा, म्हणजे जुन्या साठच्या बल्बहूनही कमी. ‘आवाज विहिरीतून येऊलालाय बघ,’ असे तो म्हणाला, तेव्हा त्याचाही आवाज मला विहिरीतूनच येत होता.

आता मूळ मुद्दा. या मित्राशी माझे फोनवरचे बोलणे कधी थांबले नव्हते. पण गेल्या काही वर्षांत त्याचे स्वरूप काय झाले होते? तो अत्याचाराच्या बातम्या पाठवी, मी संतापाची चिन्हे पाठवी. मध्येच कुणाच्या फीचा, कुणाच्या दवाखान्याचा विषय निघे आणि मी पैसे पाठवी. ‘पे बॅक टू सोसायटी’ हे आपण मानलेले कर्तव्य आहे आणि ते मी सोडणार नाही. परंतु देणारा आणि घेणारा या नात्यात मैत्री हळूहळू वाकते, हे परदेशी राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी अनुभवले असेल! वसतिगृहात एकाच ताटात जेवलेला माणूस ‘सर, आपल्या वेळेनुसार’ असे लिहू लागतो, तेव्हा काहीतरी मोडलेले असते.

रेडिओवर हे टिकत नाही. तिथे एक बोलतो तेव्हा दुसऱ्याला गप्प राहावेच लागते. दोघे एकाच वेळी बोलू शकत नाहीत. दोघेही एकमेकांना ‘तू मला कसा ऐकू येतोस’ याचा अहवाल देतात. माझा महागडा संच त्याच्या कौशल्यापुढे फारसा कामाला येत नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या या मित्राने सुरुवात ‘बिटएक्स’ संचाने केली. हैदराबादच्या अशर फरहान यांनी स्वस्त, सहज मिळणाऱ्या भागांतून तो तयार केला आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. मित्राने तो हाताने जुळवला. मी माझा खोक्यातून काढला. आता अँटेनेचे प्रश्न मी विचारतो आणि उत्तरे तो देतो.

शिवाय भारतीय नियमांनुसार हौशी रेडिओवर राजकीय वादाचे विषय बोलता येत नाहीत. प्रथम हे मला खटकले. आपल्या माणसाच्या तोंडून चळवळ काढून घेतली तर उरते काय? उरले ते असे: त्याच्या आईचे गुडघे, गोदावरीचे पाणी, वसतिगृहातली पाणीदार वरणाची आठवण, बांबूला तार बांधताना वापरायची गाठ. लढ्याची जागा इतरत्र आहे आणि ती आपण सोडू नये. पण आपल्या मैत्रीला अन्यायाखेरीज विषयच राहू नये, हासुद्धा अन्यायाचाच विजय म्हणावा लागेल. संभाषण मराठीत चालते. अमेरिकन नियमाप्रमाणे फक्त दर दहा मिनिटांनी आणि शेवटी आपली कॉल साइन इंग्रजीत सांगावी लागते. त्यानंतरचा ‘जयभीम’ कुणीही ऐकू शकतो, कारण सांकेतिक लिपीत बोलण्यास इथे मनाई आहे.

कॉल साइन म्हणजे सरकारने दिलेली अक्षरांची आणि अंकांची ओळख. तिच्यामागे आडनाव नसते. कार्यालयातला देशबांधव पहिल्या चहालाच ‘पूर्ण नाव काय?’ म्हणून चाचपतो, हे ज्याने सोसले आहे त्याला या पद्धतीचे सुख सांगावे लागणार नाही. पण मी याचे गोडवे मर्यादेतच गाईन. परवानाधारकाचे नाव आणि पत्ता अमेरिकेत सार्वजनिक नोंदीत असतो. संपर्काची आठवण म्हणून टपालाने जाणाऱ्या कार्डावरही पूर्ण नाव येते. कुणी लगेच चवदार तळ्याची उपमा देईल, तर ती मला फार मोठी वाटते. तिथे माणसे जीव मुठीत धरून पाण्यापर्यंत गेली होती. इथे पस्तीस डॉलर शुल्क लागते.

विषमता रेडिओत शिरते ती छपरावरून. परीक्षा सर्वांना सारखी, पण अँटेनेला गच्ची लागते आणि गच्ची कुणाची हा प्रश्न महाराष्ट्रात कधीच केवळ मालमत्तेचा नसतो. मित्राने शहरात भाड्याचे घर शोधले तेव्हा एका ठिकाणी गच्चीवर तार बांधायची परवानगी मिळाली होती. भाडेकरारासाठी नाव लिहून दिल्यावर ती मागे घेतली गेली, आणि पाठोपाठ घरही. शेवटी त्याने आपल्याच वस्तीत पत्र्याच्या घरावर बांबू उभारला. इथे आपल्यापैकी अनेक जण ज्या वसाहतींत राहतात, तिथल्या होमओनर्स असोसिएशनही अँटेनेला नकार देतात. पण तो नकार सर्वांना सारखा असतो आणि माळ्यावर तार पसरून त्यातून वाट काढता येते. हे दोन नकार एक नाहीत. म्हणून वैयक्तिक छपरांवर विसंबू नये असे माझे मत आहे. गावोगावच्या विहारांना स्वतःचे छप्पर आहे. एका विहारात परवानाधारक शिक्षक, एक संच आणि एक तार असेल, तर दहा मुले तिथे बसून शिकू शकतील. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना आपण देणग्या देतो, त्या द्याव्यातच; सोबत सोल्डरिंगची चार यंत्रेही द्यावीत.

एक व्यावहारिक इशारा. उत्साहाच्या भरात सामानातून संच भेट म्हणून नेऊ नका. भारतात परवान्याशिवाय प्रक्षेपण करणारे उपकरण जवळ बाळगणे गुन्हा आहे. आधी मुलांना दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायला लावावी. त्यासाठी वयाची अट बारा वर्षांची आहे आणि प्राथमिक श्रेणीला मोर्स यावेच लागते असे नाही.

इथे तर सबबच नाही. परकीय सरकारचा प्रतिनिधी नसलेली आणि अमेरिकेत टपालाचा पत्ता असलेली कोणतीही व्यक्ती परवाना घेऊ शकते. एच-वन-बी असो वा विद्यार्थी, नागरिकत्व लागत नाही. वयाचीही अट नाही. पहिल्या श्रेणीत पस्तीस प्रश्नांपैकी सव्वीस बरोबर यावे लागतात आणि चारशेहून अधिक प्रश्नांची पेढी उत्तरांसह आधीच जाहीर असते. भारताशी आवाजाने बोलण्यासाठी पुढची ‘जनरल’ श्रेणी घ्यावी. तिचीही पद्धत हीच. माझ्या मुलीला नांदेडच्या काकांशी बोलायचे होते, पण विनापरवाना व्यक्तीला परदेशी केंद्राशी बोलू देण्यासाठी दोन देशांत करार लागतो आणि भारताशी अमेरिकेचा तसा करार नाही. ती आता स्वतःच परीक्षेची तयारी करते आहे.

परीक्षा तीन स्वयंसेवी परीक्षकांसमोर होते, त्यामुळे १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी आपण घेतो त्याच सभागृहात, भोजनाच्या आधीच्या दोन तासांत ती सहज बसवता येईल. आपल्यापैकी कुणाकडे परीक्षक होण्याची पात्रता असेल तर त्यांनी संपादकांना कळवावे. कुणीच नसेल, तर स्थानिक रेडिओ क्लबशी बोलण्याचे काम मी घेतो.