पायथनसोबत फुकट येणारं टीकिंटर : ठेवायचं की काढायचं?

पायथन नवीन शिकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ही चूक केलेली असते. ट्यूटोरियलमध्ये टीकिंटर वापरलेलं दिसतं, आपण उबुंटूवर तोच प्रोग्राम चालवतो, 'मॉड्यूल सापडत नाही' असा एरर येतो आणि सवयीने आपण टर्मिनलमध्ये 'पिप इन्स्टॉल टीकिंटर' मारतो. काहीच होत नाही. मग कुणीतरी 'पिप इन्स्टॉल टीके' करायला सांगतं. ते इन्स्टॉल होतं खरं, पण ते फक्त नावात साम्य असलेलं भलतंच पॅकेज आहे. विंडो आणि बटणांशी त्याचा काही संबंध नाही.

टीकिंटर पिपवरून येतच नाही. ते पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे, म्हणजे विंडोजवर पायथनचा इन्स्टॉलर चालवला की सोबत मिळतं. डेबियन आणि उबुंटूवाल्यांनी मात्र ते वेगळ्या पॅकेजमध्ये काढून ठेवलंय, त्यामुळे तिथे ते 'एपीटी'ने घ्यावं लागतं. 'सोबत येतं' या दोन शब्दांत किती भानगडी आहेत ते इथेच कळतं.

हा विषय आता काढायचं कारण म्हणजे पायथनमध्ये चालू असलेली साफसफाई. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या पायथन 3.13 मधून एका फटक्यात 19 जुनी मॉड्यूल्स काढली गेली. टेलनेट गेलं, सीजीआय गेलं, जुन्या ऑडिओ फॉरमॅटची मॉड्यूल्स गेली. पायथनची जाहिरातच मुळी 'बॅटरीज इन्क्लुडेड' अशी. खेळण्यासोबत सेल मिळतात, वेगळे आणायला नकोत. पण 2019 च्या लँग्वेज समिटमध्ये अंबर ब्राउन यांनी या बॅटऱ्या गळायला लागल्यात असं तोंडावर सांगितलं होतं. मुद्दा साधा होता. जे मॉड्यूल भाषेसोबत येतं, ते भाषेच्याच वेगाने सुधारतं. पायथनची नवी आवृत्ती वर्षातून एकदा येते. पिपवरचं पॅकेज दर आठवड्यालाही बदलू शकतं.

टीकिंटर त्या 19 मध्ये नव्हतं. त्याच्या पोटातलं टिक्स हे जुनं उपमॉड्यूल तेवढं 3.13 मध्ये गेलं. पण हाच नियम टीकिंटरला लावला तर?

आधी ते आतून काय आहे ते बघू. टीके हे टूलकिट जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीमध्ये बनवलं, तेही पायथनसाठी नाही, टिकल नावाच्या स्वतःच्या स्क्रिप्टिंग भाषेसाठी. टीकिंटर हा मधला दुभाषी. तुम्ही पायथनमध्ये बटण बनवता तेव्हा तुमच्या प्रोग्रामच्या आत एक अख्खा टिकल इंटरप्रिटर चालू असतो आणि टीकिंटर तुमची ओळ टिकलच्या कमांडमध्ये बदलून त्याच्याकडे देतं. म्हणजे पायथनवाले हे टूलकिट वाटतात, पण ते त्यांच्या हातात नाही. टिकल-टीकेची 8.0 आवृत्ती 1997 ची आणि 9.0 आली सप्टेंबर 2024 मध्ये. मॅकवर तर अ‍ॅपलने दिलेलं टीके इतकं जुनं होतं की पायथनच्या अधिकृत इन्स्टॉलरला शेवटी स्वतःचं टीके सोबत द्यावं लागलं.

काढलं तर काय होतं याचं उदाहरण जावामध्ये आहे. जावाएफएक्स काही वर्षं ओरॅकलच्या जेडीकेसोबत येत होतं. सप्टेंबर 2018 च्या जेडीके 11 मधून ते बाहेर काढलं. ते मेलं नाही, ओपनजेएफएक्स नावाने चालूच आहे. पण जेडीके 8 वर धावणारा कॉलेजचा प्रोजेक्ट नव्या जेडीकेवर कंपाइलच होईना. वेगळं डाउनलोड, मॉड्यूल पाथ, मावेन. कंपनीतल्या माणसाला हे अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या वर्षाच्या मुलाचा त्यात अख्खा वीकेंड जातो. जुनं स्विंग मात्र अजून जेडीकेमध्येच आहे, त्यामुळे कितीतरी जण मुकाट्याने तिकडे परतले असतील, असं मला वाटतं.

माझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये इंटरनेट बंद असायचं आणि अ‍ॅडमिन पासवर्ड फक्त लॅब असिस्टंट सरांकडे. पिप वगैरे विसरा. तिथे मी पहिली विंडो उघडली ती टीकिंटरने, कारण मशीनवर दुसरं काही नव्हतंच. पायसाइड आज कितीही भारी असलं तरी ते शंभर एमबीच्या पुढचं डाउनलोड आहे. शिवाय टीकिंटर गेलं तर एकटं जात नाही. आयडल एडिटर त्यावर उभा आहे, आणि शाळेत मुलं ज्याने चौकोन काढतात ते टर्टलसुद्धा. म्हणून माझं मत, ठेवा.

पण सोबत येतंय म्हणून ते चांगलंच असेल असं धरू नका. मामाच्या खानावळीसाठी मी बिलाचा छोटा प्रोग्राम लिहिला होता, लेबलं मराठीत. माझ्या विंडोज लॅपटॉपवर झकास. मामाच्या काउंटरवरच्या जुन्या पीसीवर उबुंटू होतं. तिथे 'किंमत'मधली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसली आणि 'शिल्लक'चं जोडाक्षर फुटून मध्ये पाय मोडलेला ल दिसायला लागला. मामा म्हणाला, "अरे, तुला मराठी येतं ना?"

चूक माझ्या कोडमध्ये नव्हती आणि फाँटमध्येही नव्हती. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने साठवली जातात त्याच क्रमाने दिसत नाहीत. वेलांटी मागे न्यावी लागते, जोडाक्षर जुळवावं लागतं. या कामाला शेपिंग म्हणतात. विंडोज आणि मॅकवर टीकेला हे ऑपरेटिंग सिस्टिमकडून आयतं मिळतं. लिनक्सवर टीके 8.6 हे करतच नाही, एकेक अक्षर ओळीने मांडत जातं. इंग्रजीत यातलं काहीच दिसत नाही. आणि पायथनमध्ये कितीही डोकं लावलं तरी हे दुरुस्त होत नाही, कारण दोष टीकेमध्ये आहे.

म्हणजे जगभर फुकट पोचणारं टूलकिट लिनक्सवर आपली लिपी नीट दाखवत नाही. मला राग येतो तो याचा, त्याच्या नव्वदच्या दशकातल्या करड्या बटणांचा नाही.

फोनवाल्यांसाठी एक गोष्ट. पायथन 3.13 पासून अँड्रॉइड आणि आयओएसला अधिकृत पाठिंबा आहे, पण त्यात टीकिंटर नाही. पायड्रॉइड 3 मध्ये ते चालतं, कारण त्या अ‍ॅपवाल्यांनी स्वतःची सोय केलीय. ज्यांचा पहिला कॉम्प्युटरच फोन आहे, त्यांच्यासाठी 'सोबत येतं' हे आधीच खोटं झालंय.

मामाचं बिल मी शेवटी ब्राउझरमध्ये हलवलं. छोटा एचटीटीपी सर्व्हरसुद्धा स्टँडर्ड लायब्ररीतच आहे, वेगळं काही टाकावं लागलं नाही, आणि शेपिंग फायरफॉक्स करतो. 'शिल्लक' आता नीट दिसते. मामाची तक्रार आता एवढीच की अक्षर जरा मोठं कर.